आजोबांची जावा लगेच खोलू नकोस

अगं, आजोबांच्या जावा मोटरसायकलचे तू पाठवलेले फोटो मिळाले. काल रात्री तीनदा झूम करून बघितले, टाकीवरची ती सोनेरी लाइन अजून शाबूत आहे हे बघून इतका आनंद झाला की काकूला हाक मारून दाखवली.

तू लिहिलंयस की काका, परीक्षा संपली की सगळी गाडी खोलते, फ्रेमला पावडर कोटिंग (भट्टीत भाजून बसवलेला रंग), टाकीला नवा रंग आणि गणपतीला रस्त्यावर. तुझी घाई मला कळते गं, मी पण विसाव्या वर्षी अशीच केली होती. पण माझं ऐकशील तर आत्ता त्या गाडीचा एकही नट काढू नकोस. आधी ती चालू करू, मग वर्षभर आहे तशी चालव, अगदी धूळ पुसून तेवढीच, आणि मग काय खोलायचं ते गाडीच सांगेल तुला. पुण्यात किती वाड्यांमध्ये, किती सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये जावा आणि येझदी (त्याच कारखान्याची पुढची गाडी) सुट्या करून पोत्यात भरून पडल्यात, त्यातल्या बहुतेक चालत्या होत्या, कोणीतरी हौसेने एका शनिवारी खोलल्या आणि मग नोकरी लागली, लग्न झालं, पोतं तिथेच राहिलं. मला तुझ्या आजोबांच्या गाडीचं तसं झालेलं बघवणार नाही.

त्याच्याही आधी कागद. आरसी, म्हणजे गाडीचं नोंदणी पुस्तक, अजून आजोबांच्या नावावर आहे म्हणालीस, म्हणजे वारसाने नाव लावायचं, त्याला फॉर्म 31 लागतो, सोबत मृत्यूचा दाखला आणि घरातल्या बाकीच्यांची संमती तयार ठेव. संगम पुलाजवळच्या आरटीओत जायच्या आधी चासी नंबर (गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला) आणि इंजिन नंबर आरसीशी अक्षर-अक्षर ताडून बघ. नंबर गंजलाय म्हणून ग्राइंडर किंवा पॉलिश पेपर चुकूनही लावायचा नाही, रॉकेलचं फडकं घे, हळूहळू पूस, मग वर कागद ठेवून पेन्सिल घासलीस की आकडे उमटतात. घासलेला नंबर म्हणजे संशयाची गाडी, मग कितीही खरी असो. गाडी 1971 ची आहे म्हणजे पन्नास वर्षं होऊन गेली, त्यामुळे 2021 च्या नियमाने व्हिंटेज नोंदणी पण मिळू शकते, नंबरात व्हीए येतं, फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. पण त्या नंबरावर रोज फिरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर काढायची. तुला कॉलेजला न्यायची आहे, त्यामुळे मी तरी साधी नोंदणीच करीन, दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत. आणि त्या व्हिंटेजच्या नियमात गाडी मूळ स्वरूपात हवी, चासी-इंजिनात मोठे बदल नकोत असं आहे ते मला फार पटतं.

आता इंजिन. बारा वर्षं उभी आहे तर उत्साहाने किक मारू नकोस. प्लग काढ, त्या भोकातून दोन चमचे टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल) सोड, रात्रभर राहू दे, सकाळी गाडी स्टँडवर घेऊन गिअर टाकून मागचं चाक हाताने फिरव. पिस्टन सुटा वाटला तरच पुढे. टाकीतलं जुनं पेट्रोल काढून टाक, नळी नवीन घाल, कारण आताच्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, जुनं रबर त्याने फुगतं आणि ते हवेतलं पाणी पण ओढतं, पावसाळ्यात महिनाभर टाकी भरून ठेवलीस की तळाला गंज आलाच. पेट्रोलमध्ये मिसळायच्या ऑइलचं माप एका लिटरला 40 मिली. पेट्रोल पंपावर कोणी म्हणेल एवढं कशाला, धूर होतो, तर होऊ दे.

हे ऑइल मी इतकं का लावून धरतोय ते सांगतो. तुझं इंजिन 250 सीसीचं, एकच सिलिंडर, 65 मिलिमीटर बोअर (सिलिंडरची रुंदी), 75 स्ट्रोक (पिस्टनची धाव), सायलेन्सर मात्र दोन. त्यात पिस्टनला, बेअरिंगला जे काही वंगण मिळतं ते पेट्रोलबरोबरच येतं, वेगळा पंप नाही. माझ्या येझदीचं बोअर नुकतं केलं होतं, म्हणजे झिजलेला सिलिंडर कातून त्यात 0.50 मिलिमीटर मोठा पिस्टन बसवला होता, जेमतेम ऐंशी किलोमीटर चालली असेल, आणि सासवडहून येताना दिवे घाट उतरत होतो. उतार आहे, पेट्रोल वाचवू म्हणून थ्रॉटल पूर्ण बंद आणि गाडी गिअरमध्ये. इंजिन जोरात फिरतंय आणि पेट्रोल जातच नाही, म्हणजे ऑइल पण नाही. तिसऱ्या वळणाला मागचं चाक एकदम जाम झालं. समोरून एसटी येत होती. क्लच दाबला गेला तो हाताच्या सवयीने, डोक्याने नाही, म्हणून आज हे पत्र लिहितोय. चूक पूर्ण माझी होती. घाट उतरताना दर थोड्या वेळाने क्लच दाबून थ्रॉटल जरा उघडायचा, आणि पहिले पाचशे किलोमीटर डावी दोन बोटं क्लचवरच ठेवायची. एवढं वचन मला दे.

गाडी चालू झाली की ती बोलायला लागते. सायलेन्सरमधून पांढरा दाट धूर येतोय आणि थांबतच नाही, गिअर ऑइल पण कमी होतंय, म्हणजे क्लचकडचं क्रँक सील (इंजिनाच्या फिरत्या दांड्याभोवतीचं रबरी सील) गेलं, इंजिन गिअरबॉक्सचं ऑइल ओढतंय. थ्रॉटल सोडला तरी इंजिन पळतंच राहतंय, खूप तापतंय, म्हणजे कुठूनतरी हवा आत जातेय. प्लग काढून बघितलास आणि रंग बिस्किटासारखा असेल तर छान, पांढरा असेल तर पेट्रोल कमी पडतंय, काळा ओला असेल तर जास्त. बघ, यातल्या एकाही गोष्टीसाठी गाडी पूर्ण खोलावी लागली नाही.

आणि पॉइंट. तुझ्या गाडीला इलेक्ट्रॉनिक काही नाही, सहा व्होल्टची बॅटरी आणि तांदळाच्या दाण्याएवढे दोन पॉइंट, ते उघडले की प्लगला ठिणगी. उजवीकडचं कव्हर काढ, किकने इंजिन हळू फिरवून पॉइंट पूर्ण उघडतील तिथे थांब, मग मधे फीलर गेजची (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचा जुडगा) 0.4 मिलिमीटरची पट्टी घाल. पट्टी सरकताना लोण्यातून सुरी जाते तशी नको आणि अडकायलाही नको, हलकीशी ओढ लागली पाहिजे. शेवटी एक कोरा कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा, त्यावर काळी रेघ येते, येईनाशी होईपर्यंत ओढायचा. बोटाचं तेल लागू द्यायचं नाही. हे पहिल्यांदा जमलं त्या दिवशी मी गाडी नुसती चालू करून शेजारी बसून राहिलो होतो, तो डुग-डुग आवाज ऐकत.

ब्रेकचं ड्रम उघडशील तेव्हा आतली धूळ फुंकू नकोस, जुन्या लायनरमध्ये (ब्रेकच्या घासणाऱ्या अस्तरात) अ‍ॅस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात गेलं की घातक, ओल्या फडक्यानेच पूस.

पार्ट नाना पेठेत मिळतील, पण जुना पार्ट बरोबर नेल्याशिवाय जाऊ नकोस, नुसतं नाव सांगून आणलेलं निम्मं परत करावं लागतं. बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात पण चक्कर मार, मला तिथे एकदा ओरिजिनल टेललाइटची काच मिळाली होती. मात्र बिलाशिवाय इंजिनचं केसिंग घ्यायचं नाही, कितीही स्वस्त असलं तरी.

आणि रंगाचं. मैसूरच्या कारखान्यात 1961 पासून या गाड्या बनत होत्या, 1996 ला तो बंद झाला. आता टाकीवर कोणीही लाइन मारून देईल, पण ती लाइन तिथल्या रंगाऱ्याने मारलेली आहे आणि तिच्या डाव्या बाजूला जिथे रंग उडालाय तिथे तुझ्या आजोबांचा गुडघा टेकायचा. नवा रंग कधीही देता येईल, हा परत आणता येणार नाही. क्रोम निघालंय त्याला बारीक स्टील वूल आणि ऑइल, बस.

या रविवारी सकाळी येतो मी, आठच्या आत, ऊन व्हायच्या आधी. तू फक्त श्रीखंडाचे दोन रिकामे डबे, एक टॉर्च आणि आजोबांचा तो जुना पाना शोधून ठेव, आणि प्लग माझ्या समोरच काढ, मला त्याचा रंग बघायचाय, शेवटची चालवली तेव्हा गाडी कशी होती ते त्यावरून कळेल.

तुझा,
काका