मित्रांसोबत सिसिलीत दोन दिवस आहेत, जुन्या इमारती आणि खाणं दोन्ही हवंय, ग्रुपमध्ये शाकाहारीही आहेत, कुठे जावं?

पालेर्मो, डोळे झाकून. सकाळी आधी कापेला पालातिना उरकून घ्या, गर्दी वाढायच्या आत. १२व्या शतकात नॉर्मन राजा रॉजर दुसरा याने बांधून घेतलेलं हे चॅपल, भिंतींवर बायझंटाईन सोनेरी मोझेक आणि वर अरबी पद्धतीचं कोरीव लाकडी छत, म्हणजे तीन संस्कृती एकाच खोलीत, मान दुखेपर्यंत वर बघत बसाल. (२०१५ पासून इथल्या अरब-नॉर्मन वास्तू युनेस्कोच्या यादीत आहेत.) सान कातालदो चर्चचे लाल घुमट बाहेरून बघितले तरी चालतं.

मग चालत बाल्लारो बाजार. तिथे पानेल्ले खा, बेसनाच्या पिठल्यासारखं शिजवून, थापून, कापून तळतात आणि तीळ लावलेल्या पावात देतात, आपल्या पाटवडीची तळलेली बहीणच! शाकाहारी मंडळी यावर खूश. पण स्फिंचोने, म्हणजे इथला जाड पावासारखा पिझ्झा, नुसता पिझ्झा समजून घेऊ नका, त्यात अँचोवी मासा असतो, आणि बटरवाल्या आरांचिनात (भाताचा सारण भरून तळलेला गोळा) बहुतेक वेळा हॅम निघतं, विचारूनच घ्या. मांसाहारी असाल आणि धाडस असेल तर पानी का मेउसा, वासराची प्लीहा आणि फुफ्फुस चरबीत परतून पावात. दुपारी बरीच चर्च बंद असतात, तेव्हा जेवून घ्या.