‘सर्व्हर टेस्टिंग’ची वर्गणी

प्रश्न : माझा सतरा वर्षांचा मुलगा ऑनलाइन गेम खेळतो. दर महिन्याला त्याच्या कार्डवरून एका वेबसाइटला पैसे जातात. विचारलं तर म्हणतो, ‘‘बाबा, सर्व्हरची ताकद तपासायची सर्व्हिस आहे, कायदेशीर आहे.’’ खरं आहे का हे?
– एक वडील

उत्तर : नाही हो. चिरंजीव महिन्याच्या बोलीवर सुपाऱ्या देतायत. अशा साइटवर ‘स्ट्रेसर’, म्हणजे ताण तपासणारा, ही नुसती पाटी. खरी तपासणी करणारा आधी ‘सर्व्हर तुमचाच ना?’ म्हणून खात्री करून घेतो. इथे गेममध्ये आपल्याला हरवणाऱ्या गड्याचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा त्याच्या जोडणीचा नंबर) टाकायचा, वेळ निवडायची, बटण दाबायचं. त्याच्यावर फालतू ट्रॅफिकचा पूर येतो आणि त्याचं इंटरनेट आडवं.

होस्टिंगमध्ये, म्हणजे लोकांच्या वेबसाइट आपल्या सर्व्हरवर सांभाळायच्या धंद्यात, मी बरीच वर्षं रात्रपाळी केली. एकदा पहाटे दोनला ट्रॅफिकचा आलेख भिंतीसारखा सरळ वर चढला आणि बरोबर दहाव्या मिनिटाला धपकन खाली आला. थोड्या वेळाने पुन्हा तेच, पुन्हा दहाच मिनिटं. आमचा सीनियर जांभई देत म्हणाला, ‘‘स्वस्तातला प्लॅन आहे.’’ या दुकानांत प्लॅननुसार मिनिटं मोजून मिळतात.

‘वेबस्ट्रेसर’ हे त्या वेळचं त्यातलं सगळ्यात मोठं दुकान. महिना १५ युरोपासून सुरुवात, १,३६,०००हून जास्त नोंदलेली गिऱ्हाइकं. एप्रिल २०१८मध्ये ते बंद पाडलं, तेव्हा गिऱ्हाइकांची वहीही पोलिसांच्या हाती लागली. पुढच्याच जानेवारीत ब्रिटनमधल्या अडीचशेहून जास्त जणांवर कारवाई होणार असल्याचं जाहीर झालं.

साइट जप्त केली की नव्या नावाने उगवते, हे खरं. पैशांची वाट अडवली की मात्र त्यांना घाम फुटतो. ऑनलाइन पैसे पोचवणाऱ्या पेपॅल कंपनीने या दुकानांची खाती गोठवली तेव्हा ते दिसलं. मला पटलेला उपाय आणखी साधा आहे. २०१७च्या डिसेंबरपासून सहा महिने ब्रिटनच्या नॅशनल क्राइम एजन्सीने गूगलवर अशी दुकानं शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवली : हा गुन्हा आहे. केंब्रिजच्या संशोधकांना आढळलं की त्या काळात अमेरिकेतले हल्ले वाढत गेले, ब्रिटनमधले वाढायचे थांबले. म्हणजे पोरांना हे कुणी धड सांगितलेलंच नसतं!

तेव्हा कॉम्प्युटर काढून घेऊ नका. शेजारी बसा, हे वाचून दाखवा, त्याच्याच हाताने वर्गणी बंद करायला लावा. कार्ड आणि पासवर्डही बदला. ही दुकानं स्वतःही फुटतात : २०१६मध्ये ‘व्हीडॉस’ नावाच्या अशाच दुकानाची अख्खी वही बाहेर आली, कुणी पैसे भरून कुणावर हल्ला केला त्या नोंदींसकट.