पुणे सोडून वेल्ह्याच्या टोकाला कायमचं राहायला जावं का? तिथलं जगणं कसं असतं?

तुम्ही लिहिलंय की हिंजवडीतली नोकरी घरून करता येते, एका शनिवारी मढे घाटाचा धबधबा बघून आलात आणि तेव्हापासून डोक्यात तेच आहे. माझा जन्म तिथल्याच एका वाडीतला, केळदपासून पायी पाऊण तासावर. गेली तीस वर्षं धायरीत राहतो. तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आमच्या तोंडात अजून वेल्हंच.

तर पहिलं हे, की शनिवारी बघितलेलं गाव विसरा. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटमाथ्यावर त्याच्या कैक पट. जून ते सप्टेंबर धुक्यात शेजारचं घर दिसत नाही, कपडे चुलीवर वाळवायचे, भिंतीला हात लावला तर हाताला पाणी. आणि याच गावात एप्रिल-मेमध्ये बायका झऱ्याशी वाटी घेऊन बसतात. सगळा काळा कातळ; पडलं तेवढं पाणी उतारानं वाहून जातं, मुरत काहीच नाही. नवीन माणसाला हे खरं वाटत नाही. त्यानं मेच्या शेवटच्या आठवड्यात येऊन राहावं.

बाकी रोजचं म्हणजे भात. उन्हाळ्यात राब भाजायचा, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा पसरून जाळायचा, पाऊस लागला की पेरायचं, जुलैत गुडघाभर चिखलात लावणी, दिवाळीच्या आगंमागं कापणी. वरकस म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीत नाचणी-वरई. त्यानंतर हाताला काम नाही म्हणून निम्मी वाडी पुण्यात हमाली नाहीतर वॉचमनकी करते. तुमच्या सोसायटीच्या गेटवर कदाचित आमच्याकडचाच कुणी असेल.

पण तुम्ही एका ओळीत "आरोग्याच्या सोयी जवळपास असतीलच" असं लिहून मोकळे झालात, म्हणून मी हे उत्तर लिहायला बसलो.

मे १९९३. मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, सुट्टीत घरी आलेलो. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची तयारी चाललेली: चार महिन्यांचं मीठ, मिरची, सुकट, रॉकेल, लाकूडफाटा घरात घ्यायचा. सुकट आमच्याकडे पुण्याहून येत नसे, घाट उतरून बिरवाडीच्या बाजारातून यायचं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल. नाना, म्हणजे माझे वडील, पडवीत लाकडं रचत होते. संध्याकाळी पाचच्या सुमाराला त्यांच्या अंगठ्याला विंचू चावला. छोटा, तांबडा. आमच्याकडे काळ्या मोठ्या विंचवाला कुणी भीत नाही, या तांबड्याला भितात.

आईनं चिंचोका घासून लावला. एक म्हातारा मंत्रानं विष उतरवायला येऊन बसला. अर्ध्या तासात नानांची बंडी घामानं पिळून काढण्यासारखी झाली, हातपाय गार, उलट्या. मग घोंगडीची झोळी बांबूला बांधली आणि अंगणातच भांडण जुंपलं.

थोरले चुलते, आबा, म्हणाले, "खाली न्यायचं. म्हाडला." खाली म्हणजे मढे घाटानं कर्णवडी, तिथून बिरवाडी, महाड. "तिकडं इच्चवाचा डॉक्टर हाय, लोकं बरी हून येत्यात."

मी म्हणालो, पुण्याला न्यायचं. मोठी हॉस्पिटलं पुण्यात आहेत, मी रोज बघतो. कोकणातल्या खेड्यात काय असणार?

आबा म्हणाले, "तू शिकलेला, तू म्हणशील ते." हे वाक्य मी आजही विसरलेलो नाही. त्यांनी ते रागानं म्हटलं होतं आणि मी ते मान म्हणून घेतलं.

झोळी घेऊन आठपर्यंत पुण्याच्या वाटेवरच्या गावात पोचलो. तिथं एकच जीप, तिचा मालक लग्नाला गेलेला. अकराला आला. वाटेत एका दवाखान्यात दार वाजवून माणूस उठवला. त्यानं दुखणं कमी व्हायचं इंजेक्शन दिलं आणि पुढं न्या म्हणाला. पहाटे चारला पुण्यात. अकरा तास. नानांच्या तोंडाला तेव्हा गुलाबी फेस येत होता. सहा दिवस ऑक्सिजनवर होते. वाचले. पुढं सतरा वर्षं जगले, पण चढावर दम लागायचा तो लागायचाच.

खूप नंतर मला कळलं, आबा कोणाबद्दल बोलत होते. डॉ. हिंमतराव बावस्कर. सत्तरच्या दशकात ते बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, पुढं महाडलाच राहिले. तांबडा विंचू चावल्यावर माणूस विषानं तसाच मरत नाही, हृदय आणि फुप्फुसं थकून मरतो, हे त्यांनी रोग्यांच्या उशाशी बसून बघितलं आणि प्राझोसिन ही रक्तदाबावरची स्वस्त गोळी लवकर दिली तर माणूस वाचतो हे दाखवून दिलं. ऐंशीच्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. म्हणजे ज्या दुखण्यासाठी मी नानांना घेऊन शहराकडं पळालो, त्यातला सगळ्यात जाणता माणूस आमच्या घाटाच्या पायथ्याला बसला होता. आणि हे वाडीतल्या अंगठेबहाद्दरांना माहीत होतं, मला नव्हतं.

आता माझी बाजू. रात्री झोळी घेऊन मढे घाट उतरायचा, आदल्या दिवशीच वळीव पडून गेलेला, कातळ बुळबुळीत. एकाचा पाय सटकला असता तर चौघं गेले असते. खाली पोचल्यावर कर्णवडीत गाडी मिळालीच असती याचीही खात्री नव्हती. आबांचं म्हणणं, तीन तासांत उतरलो असतो, ते स्वतः लग्नाची वरात घेऊन रात्री उतरलेत. वरातीत नवरदेव चालतो, आबा, झोळीत झोपत नाही. हे त्यांना दर गणपतीत सांगतो.

तरीही तुमच्यासाठी सांगतो: अशा गावात राहायला गेलात तर पुण्याकडं तोंड करून राहू नका. वरच्या गावांचं सोयर, बाजार, औषधपाणी पिढ्यान्‌पिढ्या घाटाखाली होतं. कुठल्या दुखण्याला कुठल्या वाटेनं न्यायचं हे तिथल्या म्हाताऱ्यांना विचारा, मोबाइलमधल्या नकाशाला नको. तो सगळ्यांना स्वारगेटलाच नेतो.

हां, आता बरंच बदललंय. २०१४ पासून १०८ची गाडी आहे. रेंज एका टेपावर, म्हणजे टेकाडावर, येते, तिथं पोरं रांगेत उभी असतात. तुमची ऑनलाइन मीटिंग त्या टेपावर, छत्री धरून. पावसात वीज तीन-तीन दिवस नसते. दोन माणसं तरी तिथं येऊन सुखात राहिलेली मला माहीत आहेत. दोघंही निवृत्त आहेत आणि दोघांच्याही बायका पुण्यात आहेत.

आणि जमीन. तुमच्या नावावर कुठंच शेतजमीन नसेल तर महाराष्ट्रात तुम्हाला सरळ शेतजमीन घेता येत नाही. कुणी एजंट "ते करून देतो" म्हणाला तर त्याला घेऊन आधी आमच्या आबांकडं जा. चौऱ्याऐंशी वय आहे, कान तिखट आहेत. एजंटाला हाकलून लावतील, तुम्हाला कोरा चहा देतील आणि नानांच्या विंचवाची गोष्ट सांगतील. त्या गोष्टीत गाढव मी असतो.