जुळ्यांसाठी मेंढा घेताना काय बघायचं

दादा, माडग्याळ जातीची मेंढी घेतलीस, छान केलंस, पण जुळी पाहिजेत म्हणून नुसता उंच, बाकदार नाकाचा मेंढा बघून पैसे टाकू नकोस. हा गुण मेंढ्याकडं बघून कळतच नाही, तो दिसतो त्याच्या लेकी व्यायल्यावर, आणि तोवर दोनेक वर्षं गेलेली असतात. म्हणून त्याची आई किती वेतात जुळी व्याली आणि दोन्ही जगवली का ते खोदून विचार. तरी नुसत्या निवडीनं फरक लय हळू पडतो, वारशात हे कमीच उतरतं. म्हणून तर फलटणच्या निंबकर संस्थेनं सुंदरबनातल्या गरोळ मेंढीचा फेकबी जीन, म्हणजे जुळी आणणारा जनुक, दख्खनी मेंढीत आणून नारी सुवर्णा ही मेंढी तयार केली. रक्त तपासून जीन कळतो, आणि त्या जीनच्या दोन्ही प्रती असलेला मेंढा लावला की प्रत्येक लेकीत एक प्रत येतेच.

पण आधी चारा बघ, दोन्ही कोकरांना पुरेल एवढं दूध आईला पाहिजे. माझी एक मेंढी जुळी व्याली, एका सडाला दूधच नाही, बारकं कोकरू थंडीत पाठ वाकवून कोपऱ्यात उभं राहायचं, बाटलीवर जगवलं बिचारं. तेव्हापासून आईची कास हातानं दाबून बघितल्याशिवाय मी मादी कोकरू पैदाशीला ठेवत नाही. कानात बिल्ला मार अन् प्रत्येक वेत वहीत लिही, आजपासूनच.