पुरात तगलेली झाडं आगीत का जातात?

भाऊ, तुमचा प्रश्न असा: हतनूर धरणाच्या फुगवट्यालगतची तुमची करंज, अर्जुनसादडा आणि बाभळीची राई परतीच्या पावसात तीन आठवडे पाण्यात उभी होती. फाल्गुनात तिथं आग शिरली. आता निम्मी झाडं काळी पडलीत, तर ती तोडून कडुनिंब लावावा का? माझं उत्तर आधीच देतो. आत्ता एकही झाड तोडू नका, आणि कडुनिंब त्या जागी लावूच नका.

पाणी साचलं की मातीतली हवा निघून जाते. हवेत प्राणवायू जितका भरभर पसरतो, त्याच्या सुमारे 10,000 पट हळू तो पाण्यातून सरकतो. उरलासुरला एक-दोन दिवसांत संपतो आणि मुळं गुदमरतात. कडुनिंबाला, सागाला हे सोसत नाही. अर्जुनसादडा, करंज, जांभूळ ही मात्र काठाचीच झाडं, त्यांना पाण्याची सवय असते. त्यातही धरणाचे दरवाजे उघडे असताना वाहणारं पाणी आणि ते लावल्यावर तुंबलेलं पाणी यांत झाडाच्या लेखी मोठा फरक आहे. वाहतं पाणी थोडाफार प्राणवायू घेऊन येतं. तुमची झाडं दिवाळीनंतर हिरवी होती असं तुम्हीच लिहिलंय, म्हणजे पुरातून ती निभावली होती.

मग गेली कशी? पूर ओसरताना खोडाशी काय ठेवून गेला ते आठवा. कपाशीच्या पऱ्हाट्या, केळीचे वाळके खांब, पाणथळीत वाढणाऱ्या उंच पानकणसाचे भारे, ठिबकच्या तुटक्या नळ्या. हे सगळं खोडाच्या वरच्या अंगाला, म्हणजे पाणी ज्या बाजूनं येतं तिथं, अडकून बसतं. शिवाय नव्या गाळावर छातीएवढं गवत माजतं आणि होळीपर्यंत कडकडीत वाळतं. शेजारच्या शेतात कुणी पऱ्हाट्या पेटवल्या, की ठिणगीला एवढं पुरे. सातपुड्यात पानगळीवरून धावणारी आग एका जागी फार वेळ थांबत नाही. इथं मात्र तो ढीग बुंध्याशी तासन्‌तास धुमसतो. सालीखालचा जिवंत थर साधारण 60 अंश सेल्सिअसला मरतो. साल दुप्पट जाड असेल तर तो चौपट वेळ टिकतो, म्हणून जुनी बाभूळ वाचते आणि मनगटाएवढं करंज जातं.

जळलेल्या झाडांभोवती एकदा फिरून बघा. माझा अंदाज आहे, जखमा बहुतेक वरच्या अंगालाच सापडतील.

पूर सोसणारं रान आगीला इतकं हळवं असतं, हे फक्त आपल्याकडचं नाही. ॲमेझॉनच्या खोऱ्यात रिओ नेग्रोकाठी वर्षातले कित्येक महिने पाण्यात राहणारी जंगलं आहेत. दुष्काळी वर्षी तिथं मुळांचं आणि पाल्याचं जाळं वाळतं आणि आग जमिनीलगत शिरते. कोरड्या उंचवट्यावरच्या जंगलापेक्षा तिथं जास्त झाडं मरतात आणि रान परत यायला फार वर्षं लागतात. ब्राझीलच्या पांतानाल पाणथळीचा चौथ्या हिश्श्याहून अधिक भाग 2020 मध्ये जळाला. आपला काठ त्यापुढे चिमूटभर आहे, पण घडतं तेच.

आणखी एक नुकसान डोळ्यांना दिसत नाही, आणि मला त्याचीच जास्त चिंता वाटते. करंजाच्या शेंगा, अर्जुनाची पंखवाली फळं ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर पिकून खाली पडतात आणि पुराबरोबर पुढच्या काठाला जायची वाट बघत राहतात. नेमकी तेव्हाच आग येते. दोन-तीन वर्षं लागोपाठ असं झालं की काठ वेड्या बाभळीला आणि बेशरमाला मोकळा मिळतो.

आता करायचं काय? कोयत्याच्या टोकानं बुंध्याशी, चारही अंगांनी साल जरा खरवडा. आत ओलसर हिरवं-पांढरं दिसलं तर ते अंग जिवंत आहे. तपकिरी, कोरडं असेल तर ते मेलं. चारही अंगं मेली तरी थांबा, कारण करंज मुळांतून फुटवे काढतं, अर्जुन आणि जांभूळ बुडख्यातून फुटतात. गिरणाकाठी माझ्या बांधालगतची 14 झाडं अशीच भाजली होती. घाईनं सहा तोडली. राहिलेल्या आठांपैकी पाच पुढच्या पावसात खालून फुटली. ती सहा मला अजून खुपतात. फुटवे आले की मात्र शेळ्यांपासून जपावे लागतात, नाहीतर त्यांचा कोवळा पाला उरत नाही. शिवाय जागा धरणाच्या हद्दीत असेल तर तोडायलाही परवानगी लागेल, हे वेगळंच.

पानकणीस जाळून संपतं असा समज गाळपेर करणाऱ्यांत, म्हणजे पाणी उतरल्यावर उघड्या पडलेल्या गाळात पेरणाऱ्यांत, पक्का आहे. वर जाळलं तरी चिखलातला कंद जिवंत राहतो आणि पुन्हा फुटतो. ते पाण्याखालून कापलं आणि खुंटावर पाणी राहिलं, तर कंदाला हवा मिळत नाही. मग ते खरंच हटतं.

यंदा पाणी उतरलं की, मार्गशीर्षात, चार माणसं घेऊन बुंध्याशी अडकलेले ढीग ओढून दोन-तीन हात लांब पसरा. ठिबकच्या नळ्या सर्वांत आधी काढा, कारण वितळलेलं प्लास्टिक सालीला चिकटून जळत राहतं. आणि पऱ्हाट्या पेटवणाऱ्या शेजाऱ्याशी होळीच्या आधी बोला. काठाकडच्या बाजूनं नांगराच्या दोन सऱ्या मारून ठेवल्या, तर आग तिथंच अडते.