सगळं एकच म्हणू नकोस

प्रिय बाळ,

तुझा रात्री दीडचा मेसेज सकाळी वाचला, तेव्हापासून डोक्यात तोच आहे. नगरला आजोळी आजीची माती झाली, पास्टर म्हणाले ती प्रभूजवळ गेली, पुनरुत्थानाच्या दिवशी पुन्हा भेटेल, आणि इकडे पप्पांच्या घरी पुण्यानुमोदनाला, गेलेल्या माणसासाठीच्या आपल्या बौद्ध विधीला, भन्तेजींनी 'अनिच्चा वत सङ्खारा', म्हणजे जे जे घडलंय ते सगळं अनित्य, असं म्हटलं आणि तुला कळेना की आजी आहे का नाहीये. त्यात काकांनी समजूत घातली, सगळं एकच असतं गं शेवटी.

नाही. एकच नसतं. हे मी आता या पत्रात चार वेळा म्हणेन, कंटाळलीस तरी वाच.

सारखं काय आहे ते तुला माहितीये, त्यात मी वेळ घालवत नाही. वैराने वैर शमत नाही हे धम्मपदात आहे, शत्रूवर प्रीती करा हे येशू डोंगरावर बसून सांगतो. खून, चोरी, व्यभिचार, खोटं, दोन्हीकडे बंदी. पण पंचशील म्हणताना तू काय म्हणतेस ते जरा ऐक की! 'समादियामि', मी स्वीकारते. बोलणारी तू आहेस. दहा आज्ञांमध्ये बोलणारा देव आहे, 'तू खून करू नको', आणि सुरुवातच माझ्याशिवाय तुला दुसरे देव नसावेत अशी आहे. तुझ्या शीलात देव कुठेच नाही, आजीच्या आज्ञांमधून देव काढला तर आज्ञा देणाराच उरत नाही. आजीने आयुष्यभर कुणाचं तरी ऐकलं, तुला स्वतःलाच स्वतःचं ऐकायला शिकवलंय. हा फरक बारीक नाहीये.

आता माझं सांगते, कारण मी हे पुस्तकात वाचून शिकले नाही. हॉस्टेलची माझी रूममेट ख्रिश्चन, पुढे तिचा चार वर्षांचा मुलगा तापाने गेला. मी सव्वीस वर्षांची, नुकती धम्माची पुस्तकं वाचून भारलेली, तिच्याजवळ बसले आणि म्हणाले, तुझा येशू काय आणि माझा बुद्ध काय, एकच सांगतात, सगळं अनित्य आहे, सोडून दे. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, माझा येशू लाजरच्या, आपल्या मेलेल्या मित्राच्या, कबरीपाशी रडला होता, सोडून दे नव्हता म्हणाला. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. मी तीन पत्रं लिहिली, उत्तर नाही, आणि आता ती पण नाहीये. मी वाईट मनाने बोलले नव्हते गं, आमच्या वेळी सर्वधर्मसमभावाचा अर्थच आम्हाला असा शिकवलेला, की फरक दिसला तरी बोलायचं नाही. पण तिचं दुःख तिच्या श्रद्धेतून मी ऐकलंच नाही, माझं वाक्य तिच्या तोंडात कोंबलं.

मग मी लाजरची गोष्ट आहे ते योहानाचं शुभवर्तमान काढून वाचलं. लूकचं पण वाचलं. नाईन गावाच्या वेशीवर विधवेच्या एकुलत्या एक मुलाची प्रेतयात्रा चाललीये, येशूला तिचा कळवळा येतो, तो म्हणतो रडू नकोस आणि मुलाला उठवून आईच्या हातात देतो. आणि आपली किसा गोतमी! मेलेलं लेकरू कडेवर घेऊन औषध मागत फिरते, बुद्ध सांगतात मोहरी आण, पण ज्या घरात कुणी मेलं नाही त्या घरातली. ती दारोदार जाते, मोहरी सगळीकडे मिळते, तसं घर मिळत नाही. बुद्ध मुलाला उठवत नाहीत. कळवळा दोघांचाही खराच, पण एका आईला मूल परत मिळालं आणि दुसरीला समज. हे एकच आहे असं त्या दोघींपैकी कुणाला तोंडावर सांगशील?

येशूचा प्रेषित पौल तर बायबलात स्पष्ट लिहितो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ. सगळं त्या एका माणसावर उभं आहे. आणि बाबासाहेबांनी बुद्धाबद्दल सांगितलं की तो मार्गदाता, मोक्षदाता नव्हे. चालायचं आपणच. (सगळे बौद्ध असंच मानतात असं पण नको समजूस, जपानात तेराव्या शतकात शिनरान नावाचा बौद्ध गुरू सांगत होता की स्वतःच्या बळावर काही होत नाही, अमिताभ बुद्धाच्या कृपेवर विसंबा. तुझ्या आजीला तो जवळचा वाटला असता. म्हणून म्हणते नीट बघ, घाईने सारखंही म्हणू नको आणि घाईने वेगळंही.)

आणि आपण तरी हे विसरू नये. 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या वेळी 22 प्रतिज्ञा झाल्या, त्यातली पाचवी काय आहे? बुद्ध विष्णूचा अवतार आहे हा खोटा आणि खोडसळ प्रचार आहे. म्हणजे 'सगळं एकच' म्हणून कुणी आपल्याला गिळलं की आपल्याला किती लागतं! मग तुझ्या आजीच्या येशूला 'एक प्रकारचा बोधिसत्त्वच' म्हणायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मी सर्वधर्म कार्यक्रमांत हे बोलते म्हणून आता मला बोलावत नाहीत. नका बोलावू. एकदा गप्प बसण्याऐवजी चुकीचं बोलले, ते मला पुरलंय.

मी स्वतः किसा गोतमीच्या बाजूची आहे, हे लपवत नाही. आमचे हे गेले तेव्हा मला त्या मोहरीनेच धरून ठेवलं. पण तू माझ्यामुळे काही ठरवू नकोस, आणि या महिन्यात तर काहीच ठरवू नकोस.

मामा पुढच्या रविवारी चर्चमध्ये आजीसाठी उपासना ठेवतायत म्हणालीस ना, जा. पहिल्या बाकावर बस. मनापासून आलं तर आमेन म्हण, नाही आलं तर मान खाली घालून गप्प बस, मामांना ते चालेल, खोटं आमेन आजीलाही चाललं नसतं. आणि निघताना तिचं बायबल मागून घे, तिने पेन्सिलीने खुणा केल्यात का ते बघ. केल्या असतील तर घेऊन माझ्याकडे ये, आपण तिने खूण केलेलंच आधी वाचू.

तुझी,
मॅडम