भाचीचं दुभंगलेल्या ओठ-टाळूचं ऑपरेशन लहानपणीच झालं, तरी ती वर्गात गप्प असते. आता काय करावं?

डिचोलीची पंधरा वर्षांची मुलगी, ओठ-टाळू दोन्ही शिवलेले, पण आवाज नाकातून येतो म्हणून तोंडच उघडत नाही, असं तुम्ही लिहिलंय. तिला 'जरा स्पष्ट बोल' असं सांगणं आधी बंद करा. टाळूचा मागचा मऊ भाग घशाला पूर्ण टेकत नसेल तर हवा नाकातून निसटते. तो हट्ट नाही, झडप नीट न लागण्याचा प्रकार आहे. नाकातून दुर्बीण घालून ते तपासता येतं आणि मग स्पीच थेरपी पुरेल की दुसरं ऑपरेशन लागेल ते ठरतं. सोबत कानही तपासा, टाळू दुभंगलेल्या मुलांच्या कानात पाणी साठतं.

गोमेकॉ (गोवा मेडिकल कॉलेज) आणि डेंटल कॉलेज दोन्ही बांबोळीलाच आहेत. दात-जबड्याचं तिथे विचारा. जबड्याचं ऑपरेशन मात्र वाढ थांबल्यावरच करतात. सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात 18 वर्षांपर्यंतच दुभंगलेल्या ओठ-टाळूचे उपचार येतात, म्हणून उशीर नको.

क्लेफ्ट-क्यू नावाची प्रश्नावली दुभंगलेल्या ओठ-टाळूच्या 8 ते 29 वयाच्या रुग्णांनाच विचारते: दिसणं, बोलणं, शाळा, मित्र. घरच्यांना जखमेचा व्रण खुपतो, तिला कदाचित फक्त हजेरीला 'प्रेझेंट' म्हणणं जड जात असेल. आधी तिलाच विचारा, आई नसताना.

आणि आईनं गरोदरपणी ग्रहणात विळी धरली म्हणून ओठ दुभंगला, ही गोष्ट कुणी काढलीच, तर तिच्यासमोर तरी थांबवा. त्यात काही तथ्य नाही.